डांबराखालचं आधी बघ

जुना रस्ता नव्यानं आखायचा तर नकाशावर रेघा मारायची घाई नको. त्याचं खरं दुखणं डांबराखाली असतं. गटार, जलवाहिनी, केबल कागदावर एकीकडे दिसतात, जमिनीत निघतात भलतीकडे. म्हणून ठिकठिकाणी चाचणी खड्डे घे, तेही हातानं; मशीननं केबल तुटली की अख्खी गल्ली तुझ्या नावानं ओरडेल. वाहिन्या बदलताना सर्वांत खोल ती आधी. खोदलेला रस्ता बुजवण्यापूर्वी दोन-चार रिकामे पाइप आडवे टाकून ठेव; पुढं नवी केबल त्यातून नेता येते, खोदाई वाचते.

पातळी जप. थरावर थर चढवले की रस्ता उंबऱ्याच्या वर जातो नि पावसाचं पाणी घरात. आधी खरवड, मग मधून कडेला साधारण २ ते २.५ टक्के उतार दे. पदपथावर १.८ मीटर मोकळी वाट हवी, म्हणजे दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तरी निघतात. आणि हो, दुकानदारांना विचार, माल कधी उतरतो ते.