रूटच्या पुढे हात जात नाही, तर ठेक्यापासून सुरुवात करा

तुम्ही लिहिलंय की बेस गिटार घेऊन चार महिने झाले, स्केल पाठ आहेत, टॅब बघून गाणी वाजतात, पण नुसत्या कॉर्ड समोर आल्या की रूटशिवाय, म्हणजे कॉर्डच्या मूळ सुराशिवाय, काही सुचत नाही. मीही सुरुवातीला बराच काळ इथेच अडकलो होतो. आणखी स्केल पाठ करून ही गाठ सुटत नाही. बेसलाइन आधी ठेक्यात बसते, सूर मागून येतात.

आपल्याकडे यासाठी हाताशी असलेली गोष्ट म्हणजे तबल्यावरचा केहरवा ताल. धा गे ना ति, न क धि न. आठ मात्रांत डग्गा कुठे घुमतो ते ऐका: धा, गे आणि मग थेट सातवी मात्रा, धि. मध्ये चार मात्रा डग्गा घुमत नाही. आता ए मायनर, एफ, सी, जी या कॉर्ड घ्या, प्रत्येकीला एक आवर्तन. मेट्रोनोम 80 वर ठेवून फक्त धा आणि गे वर रूट वाजवा, बाकी गप्प. तोंडाने बोल म्हणत राहा. दोन दिवस एवढंच करा, कंटाळा आला तरी.

मग धि आणि शेवटचा न या दोन मात्रा पुढच्या कॉर्डकडे जाण्यासाठी वापरा. ए वाजतोय ई या सर्वांत जाड तारेच्या पाचव्या फ्रेटवर (पडद्यावर), जायचंय एफवर, म्हणजे त्याच तारेच्या पहिल्या फ्रेटवर. धि वर तिसरा फ्रेट, न वर दुसरा आणि समेवर (पुढच्या धा वर) पहिला. एफवरून सीकडे: ए तार मोकळी, तिचा दुसरा फ्रेट, समेला तिसरा. सीवरून जीकडे: ए तारेचा दुसरा, मग मोकळी, समेला ई तारेचा तिसरा. जीवरून परत एकडे: तिसरा, चौथा, समेला पाचवा. झाली की बेसलाइन! यातला ई तारेचा दुसरा फ्रेट, म्हणजे एफ शार्प, सी मेजरच्या स्केलमध्ये नाही, चौथ्यावरचा जी शार्पही नाही. तरी दोन्ही गोड लागतात, कारण ते लगेच समेवर विसावतात.

फिफ्थ (रूटपासून पाचवा सूर) आणि ऑक्टेव्ह (तोच सूर वरच्या सप्तकात) नंतर घाला. फिफ्थ शेजारच्या बारीक तारेवर दोन फ्रेट पुढे, ऑक्टेव्ह मधली एक तार सोडून दोन फ्रेट पुढे... म्हणजे ई तारेवरून डी तारेवर.

आता ज्याकडे मीही फार उशिरा लक्ष दिलं ते: सूर कुठे थांबतो. डग्ग्यावर ‘क’ जसा बंद वाजतो तसा बेसही बंद करता आला पाहिजे. डाव्या हाताचं बोट तारेवरून उचलू नका, फक्त दाब सोडा. बारीक तारा वाजवताना उजवा अंगठा ई तारेवर टेकलेला असू द्या, नाहीतर ती गुणगुणत राहते.

उजव्या हाताच्या वेगाची काळजी नको. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीतले बेसवादक जेम्स जेमरसन सगळं एकट्या तर्जनीने वाजवायचे.

रोजचं रेकॉर्ड करा, पण फोनच्या स्पीकरवर ऐकून निराश होऊ नका. मोकळी ई तार सुमारे 41 हर्ट्झची, तो मूळ सूर त्यातून जवळपास येतच नाही. हेडफोन लावूनच ऐका.