शिंका न आणणारं कुत्रं कुठल्या जातीचं?

मागच्या महिन्यात मी पावसाळ्यातल्या गोचिडांवर लिहिलं आणि पत्रं आली ती सगळी कुत्र्यामुळे येणाऱ्या शिंकांची. पुणेकर आहेत, विषय आपणच ठरवणार. तर या वेळी त्यातली तीन घेतली आहेत, पहिल्यालाच जास्त जागा गेलीय, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न : नमस्कार डॉक्टरताई, आम्ही कोथरूडला राहतो, टू बीएचके, तिसरा मजला. मुलगी दहा वर्षांची आहे आणि गेली दोन वर्षं रोज एकच धोशा, कुत्रं आणू या. अडचण अशी की माझ्या नवऱ्याला ॲलर्जी आहे, नणंदेकडे लॅब (लॅब्राडोर कुत्रा) आहे, तिथे गेलं की अर्ध्या तासात सटासट शिंका, डोळे लाल. मलाही थोडं होतं पण मी बोलत नाही कारण मग विषयच बंद होईल. एका ब्रीडरने सांगितलं शिह त्झू घ्या, हायपोॲलर्जेनिक असतो, शंभर टक्के गॅरंटी, पस्तीस हजार. सासूबाई म्हणतात पॉमेरियन घ्या, आमच्याकडे होता, कुणाला काही झालं नाही. मैत्रीण म्हणते पूडल. नक्की कुठली जात घ्यावी? जरा लवकर सांगा, वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : वाढदिवसाला सायकल घ्या. चेष्टा नाही करत, एका महिन्यात उरकण्यासारखं हे काम नाहीये, का ते सांगते.

आधी ती शंभर टक्के गॅरंटी. ती कुणीच देऊ शकत नाही, ब्रीडरही नाही आणि मीही नाही. हायपोॲलर्जेनिक या शब्दाचा अर्थ फार तर ‘कमी त्रास देणारा’ असा होतो, आपल्याकडे तो ‘अजिबात त्रास न देणारा’ म्हणून विकला जातो आणि त्यावर दहा-पंधरा हजार चढवले जातात. लोकांचा समज असा असतो की ॲलर्जी केसांची असते, म्हणजे ज्याचे केस गळत नाहीत ते कुत्रं चाललं. पण ॲलर्जी केसांची नसतेच हो. ती असते कुत्र्याच्या अंगातल्या काही प्रोटिन्सची, ती सापडतात लाळेत, कातडीच्या कोंड्यात आणि लघवीत. कुत्रं स्वतःला चाटतं, लाळ केसांवर वाळते, कोंडा सुटतो, त्याचे बारीक कण हवेत तरंगतात आणि सोफ्यात, पडद्यात, तुमच्या कुर्त्यावर जाऊन बसतात. केस म्हणजे नुसती गाडी, माल वेगळाच असतो. आणि कातडी, लाळ नाही असं कुत्रं अजून जन्माला यायचंय.

यावर लोकांनी मोजमापही केलंय. अमेरिकेत डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलच्या संशोधकांनी २०११ साली १७३ घरांमधली धूळ तपासली, प्रत्येक घरात एकच कुत्रं, सगळी मिळून ६० जाती, त्यातल्या ११ या तथाकथित हायपोॲलर्जेनिक. कुत्र्याचं मुख्य ॲलर्जेन, म्हणजे ॲलर्जी आणणारं प्रोटीन, ज्याला कॅन एफ १ म्हणतात, त्याच्या धुळीतल्या प्रमाणात या ११ जातींची घरं आणि बाकीची घरं यांत काही फरक सापडला नाही. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समध्ये थेट केस तपासले तर पूडल, लॅब्राडूडल (लॅब आणि पूडलचा संकर) वगैरे मंडळींच्या केसांवर ते उलट जास्तच निघालं! आता याचा अर्थ पूडल वाईट असा नाही, त्याचे केस कमी गळतात हे खरं आहे आणि सोफा काळा असेल तर त्याचं सुख मोठं आहे, पण शिंकांशी त्याचा हिशोब लागत नाही.

लॅब्राडूडलची गोष्ट तर मला फार आवडते. १९८०च्या दशकाच्या शेवटी ऑस्ट्रेलियात अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरॉन नावाचा माणूस होता. हवाई बेटांवरच्या एका अंध बाईंना कुत्रं हवं होतं आणि त्यांच्या नवऱ्याला ॲलर्जी, म्हणजे तुमच्यासारखीच गत. त्याने आधी पूडल शिकवून बघितले, ते त्या कामाला जमेनात, मग लॅब आणि पूडलची जोडी लावली. तीन पिल्लं झाली. तिघांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले आणि त्या नवऱ्याला त्यातलं फक्त एक चाललं. एकाच आईबापांची, एकाच वेळची तीन पिल्लं, आणि चाललं एक! जगाने त्यातून ‘लॅब्राडूडल ॲलर्जीला चालतो’ एवढंच उचललं, त्याचा धंदा झाला, आणि कॉनरॉन स्वतः म्हातारपणी म्हणाला की मला या सगळ्याचा पश्चात्ताप होतोय. त्यातलं खरं शिकण्यासारखं होतं ते बाजूलाच राहिलं, की जात बघून चालत नाही, समोरचं ते एक कुत्रं आणि तुमच्या घरातला तो एक माणूस, या दोघांचं जमतं का ते बघावं लागतं. पत्रिका नव्हे, कांदेपोहे.

सासूबाईंचंही तसंच आहे. त्यांच्या पॉमेरियनचा कुणाला त्रास झाला नाही कारण त्या घरात तेव्हा ॲलर्जीवालं कुणी नसेल, यात पॉमेरियनचं काही कर्तृत्व नाही. (हे त्यांना माझ्या नावावर सांगा, तुमच्या नको.) हल्ली अजून एक ऐकते, देशी कुत्र्याची ॲलर्जी होत नाही म्हणून. होते. देशी कुत्री मला जीव की प्राण आहेत पण म्हणून खोटं नाही सांगणार. मी स्वतः रोज कुत्र्यांत असते आणि कुत्र्याने मनगटाला चाटलं की मला तिथे पित्ताच्या गांध्या उठतात, पण सगळ्यांच्या चाटण्याने नाही. दवाखान्यात येणारे दोन लॅब आहेत, सख्खे भाऊ, एकाने मला शिंका येतात, दुसऱ्याने नाही, आणि माझ्या घरच्या कुत्रीने काहीच होत नाही.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे नवऱ्याला ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे न्या आणि तुम्हीही गुपचूप सहन करू नका, दोघांची टेस्ट करा. हातावर थेंब टाकून टोचून बघतात ती स्किन प्रिक टेस्ट, किंवा रक्ताची. स्किन टेस्टच्या आधी साधारण आठवडाभर सर्दीच्या, ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, डॉक्टरांना विचारून, स्वतःच्या मनाने नाही. का सांगते, तर पुण्यात शिंकायला कुत्र्याचीच गरज आहे असं नाही. गाजरगवत म्हणजे आपलं काँग्रेस गवत, देशात त्याची पहिली नोंद १९५०च्या दशकात पुण्यातच झाली, हा मान आपला, आणि अजूनही पावसानंतर प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर ते फुलून उभं असतं. वर धुळीतले किडे, झुरळं, बुरशी. नणंदेच्या घरी त्रास कुत्र्याचा होतो की त्यांच्या जुन्या गालिच्याचा, हे टेस्ट केल्याशिवाय कुणी सांगू नये. तसं निघालं तर अख्खी गोष्टच बदलते.

टेस्ट कुत्र्याचीच निघाली तर एक बारकावा डॉक्टरांना जरूर विचारा. कॅन एफ ५ नावाचं एक प्रोटीन नर कुत्र्याच्या प्रोस्टेटमध्ये तयार होतं, मादीत ते नसतं. काही लोकांना फक्त त्याचीच ॲलर्जी असते, बाकी कशाची नाही, अशा माणसाला मादी बऱ्याचदा चालून जाते. याची रक्ताची वेगळी तपासणी असते, सगळीकडे होत नाही आणि स्वस्त नाही, पण पस्तीस हजारांच्या पिल्लापेक्षा नक्की स्वस्त. मला विचाराल तर जातीपेक्षा हा प्रश्न जास्त कामाचा आहे आणि तो कुणीच विचारत नाही.

दमा असेल, पंप घ्यावा लागत असेल, रात्री छातीत शिट्टी वाजत असेल, तर मात्र घरगुती प्रयोग करायचे नाहीत. दमा आटोक्यात येईपर्यंत कुत्रं नाही, मुलगी कितीही रडली तरी. नुसत्या शिंका आणि डोळ्यांची खाज असेल तर पुढचं वाचा.

पिल्लू घेऊ नका, मोठं कुत्रं बघा, वर्ष-दीड वर्षाच्या पुढचं. पिल्लाचं अंग एवढंसं, कोंडाही एवढासाच, आज त्रास नाही झाला म्हणजे मोठं झाल्यावर होणार नाही असं नसतं. मोठं कुत्रं जसं आहे तसं समोर असतं. आणि एकदा मांडीवर घेऊन काही ठरवू नका, त्याच कुत्र्याला चार-पाच वेळा भेटा, नवऱ्याने तासभर जवळ बसायचं, हात फिरवायचा, चाटून घ्यायचं, मग तोच हात डोळ्याला न लावता धुवायचा. ब्रीडरकडे दहा कुत्री आणि दोन मांजरं असतील तर तिथे काहीच कळणार नाही, त्यापेक्षा त्या एकट्या कुत्र्याला मोकळ्या हवेत आणि नंतर बंद खोलीत, दोन्हीकडे बघा. त्यानंतर फॉस्टर करा, म्हणजे काही आठवडे पाहुणा म्हणून घरी आणा. रस्त्यावरची कुत्री सोडवून दत्तक देणारे पुण्यात बरेच आहेत, त्यांना ॲलर्जीचं आधीच खरं खरं सांगा. पहिल्या चार दिवसांत काही झालं नाही म्हणून पेढे वाटू नका, त्रास कधीकधी महिन्याभराने डोकं वर काढतो. मुलीलाही आधीच सांगा की हा पाहुणा आहे, नाहीतर परत देताना घरात सुतक.

घराचं म्हणाल तर आपण अमेरिकेपेक्षा बरे, तिकडे भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट, आपल्याकडे फरशी. रोज ओल्या फडक्याने पुसायची, झाडू आधी नाही, झाडूने सगळं परत हवेत उडतं. बेडरूममध्ये कुत्रं कधीच नाही, ‘आजच्या दिवस’ पण नाही, कारण माणूस सात-आठ तास तिथेच श्वास घेतो. घासायचं, विंचरायचं काम ज्याला ॲलर्जी नाही त्याने करायचं, गॅलरीत किंवा खाली. आंघोळीने ॲलर्जेन कमी होतं पण दोन-तीन दिवसांत परत होतं तेवढंच, म्हणजे खरा फायदा हवा असेल तर आठवड्यातून दोनदा घालावी लागेल, आणि तेही कुत्र्याच्या शाम्पूनेच, आपल्या शाम्पूने कातडी कोरडी पडून कोंडा वाढतो. एवढी आंघोळ घालायची तर छोटं कुत्रं सोयीचं, बस, छोट्या जातीचा एवढाच खरा फायदा. शिह त्झूचं अजून एक, केस कमी गळतात म्हणजे ते वाढतच राहतात, दर महिना-दीड महिन्याला ग्रूमर आणि रोज विंचरणं, नाहीतर जटा. हा खर्च ब्रीडर सांगत नाही.

तर जात नाही सांगितली मी तुम्हाला. मुद्दामच.

प्रश्न : आमच्याकडे नऊ वर्षांचा लॅब आहे. मुलाचं लग्न डिसेंबरात आहे आणि होणाऱ्या सूनबाईंना कुत्र्याची ॲलर्जी असल्याचं आता कळलं. मुलगा म्हणतो त्याला गावाला काकांच्या शेतावर ठेवू. हिने तेव्हापासून जेवण सोडल्यातच जमा आहे. काही मार्ग?
— एक निवृत्त वाचक, सहकारनगर

उत्तर : काका, काकूंना आधी जेवायला सांगा, अजून वेळ आहे.

पहिला प्रश्न, सूनबाई स्वतः काय म्हणतात? तुमच्या पत्रात मुलगा बोलतोय, तुम्ही बोलताय, काकूही उपाशी राहून बोलतायत, जिला त्रास होणारे तिचं एक वाक्य नाही. तिला घरी बोलवा, मोकळेपणाने विचारा, तिला दमा आहे का ते विचारा आणि टेस्ट झाली नसेल तर करून घ्या. नुसती सर्दी-शिंका असतील तर नाकात मारायचा स्प्रे आणि गोळ्या यांवर कितीतरी लोक कुत्र्यासोबत आरामात राहतात, ते तिच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

तुमचं काम आजपासून सुरू, डिसेंबरात नाही. कुत्रं खोलीत यायचं बंद झालं तरी त्याचं ॲलर्जेन गाद्यांत, पडद्यांत काही महिने टिकतं. म्हणून नव्या जोडप्याची खोली आत्ताच रिकामी करा, त्याला तिथे जायची बंदी, गादी नवी, पडदे, गोधड्या गरम पाण्यात धुऊन, भिंतीही पुसून घ्या, हवेतले बारीक कण गाळणारं हेपा फिल्टरचं एक मशीन त्या खोलीत लावा. नऊ वर्षांच्या कुत्र्याला एक दार बंद झालेलं चालतं, कुरकुर करेल पंधरा दिवस. घर बदललेलं त्याला चालेलच असं नाही, या वयात तर नाहीच. आणि हे सगळं करूनही तिला श्वासाचा त्रास झाला तर मात्र माणूस आधी, तेव्हा शेतावर नको, त्याला ओळखणारं कुणी पुण्यातच शोधा, फिरायला न्यायला तुम्ही जाऊ शकाल असं.

प्रश्न : माझ्या मित्राकडे हस्की आहे. मला पण हवाय पण मला ॲलर्जी आहे. ट्रिमरने पूर्ण टक्कल केलं तर चालेल का? मी नववीत आहे.
— औंध

उत्तर : नाही रे बाबा. कोंडा कातडीचा, लाळ तोंडातली, टक्कल करून दोन्ही तिथेच राहणार, उलट उघड्या कातडीवरचा कोंडा आणखी सहज सुटेल. वर हस्कीला दोन थरांचे केस असतात, ते मुळापासून काढले तर नीट परत येतीलच याचा भरवसा नाही आणि उन्हाने कातडी भाजते ती वेगळी. मित्राकडे जाऊन खेळ, घरी आल्यावर कपडे बदल, तोंड-हात धू. आणि त्याला सांग, एप्रिलमध्ये त्या हस्कीला दुपारी डांबरी रस्त्यावर फिरवू नकोस म्हणावं, सकाळी सहाला ने.