काट्याला रोज विचारू नकोस

प्रिय मुली,

काल रात्री अकरा वाजता तुझा मेसेज आला. ‘काकू, तीन आठवडे झाले, काटा बहात्तरवरच आहे. उद्यापासून रात्रीचं जेवण बंद.’ म्हणून पर्वती टेकडीवरून आल्या आल्या लिहायला बसले आहे. रात्रीचं जेवण बंद करू नकोस. बाकीचं सावकाश वाच.

पहिल्या पंधरा दिवसांत तुझे तीन किलो उतरले तेव्हा मी तुला एक गोष्ट सांगायला हवी होती. तुझा आनंद बघून गप्प बसले, ती माझी चूक. त्या तीन किलोंत बरंचसं पाणी होतं. आपल्या यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो, साधारण अर्धा किलोपर्यंत, आणि त्यातल्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं कमी झालं की शरीर आधी हा साठा मोडतं, पाणी निघून जातं आणि काटा झरझर खाली येतो. चरबी एवढ्या वेगाने जात नाही. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7700 कॅलरी. तू रोज 400 कॅलरी कमी खाल्ल्यास, तर हिशोबाने आठवड्याला साडेतीनशे ग्रॅम जातात. पाळीच्या आधी अंगात किलो-दीड किलो पाणी सहज साचतं, आणि लोणचं-पापड जरा जास्त झाले तरी दुसऱ्या दिवशी वजन वर दिसतं. या तीन आठवड्यांत तुझी किलोभर चरबी खरंच गेली असेल आणि काट्यावर दिसली नसेल, हे अगदी शक्य आहे.

पण सगळं पाण्यावर ढकलून मी तुझी समजूत काढणार नाही. वेग खरोखरही मंदावतो. अठ्ठ्याहत्तर किलोचं शरीर टेकडी चढायला जेवढं इंधन जाळत होतं, तेवढं बहात्तर किलोचं जाळत नाही. शिवाय शरीर काटकसर करायला लागतं. आपल्या नकळत आपण जास्त बसतो, कमी हलतो. आणि आपला हात सैल होतो. पहिल्या महिन्यात तू तेल चमच्याने मोजत होतीस. आता? एका मोठ्या चमच्यात 120 कॅलरी असतात. येता-जाता तोंडात टाकलेल्या मूठभर शेंगदाण्यांत दीडशेच्या वर. तुझ्या चारशेच्या तुटीतला बराचसा भाग एवढ्यातच भरून निघतो. आठ दिवस पुन्हा वहीत लिही, अगदी कोशिंबिरीवरचं कूटसुद्धा. मला दाखवायची गरज नाही, स्वतःशी खरी राहा.

आता रात्रीच्या जेवणाबद्दल. 1944 मध्ये अमेरिकेत, मिनेसोटा विद्यापीठात, ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञांनी 36 निरोगी तरुणांवर उपासमारीचा प्रयोग सुरू केला. ते तरुण स्वेच्छेने आले होते. सहा महिने त्यांना रोज सुमारे दीड हजार कॅलरींचं खाणं मिळत होतं आणि भरपूर चालावं लागत होतं. वजन जवळजवळ पाव हिश्श्याने उतरलं. पण हृदयाचे ठोके मंदावले, सतत थंडी वाजू लागली, उत्साह गेला, आणि डोक्यात अन्नाशिवाय काही उरेना. काही जण तर पाककृतींची पुस्तकं गोळा करून वाचत बसायचे. तुझ्या वयाची असताना मीही तीन महिने रात्री उपाशी झोपले होते. केस मुठीने गळले, घरात सगळ्यांवर चिडायचे, आणि जेवण पुन्हा सुरू केल्यावर गेलेलं सगळं वजन परत आलं. तुझ्यावर ते यावं असं मला अजिबात वाटत नाही.

रात्री जेव, पण ताट बदल. वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण, नाहीतर दोन अंडी, भरपूर भाजी, एक भाकरी, वर ताक. प्रथिनं असली की पोट भरल्यासारखं वाटतं आणि स्नायू टिकतात. त्याच स्नायूंसाठी आठवड्यातून दोनदा उठाबशा, भिंतीला हात टेकून दंड, दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. नुसतं चालणं आता पुरणार नाही.

काट्यावर रोज चढू नकोस. आठवड्यातून एकदा, सकाळी, काही खाण्याआधी. आणि महिन्याची तुलना पाळीच्या त्याच दिवसांशी कर. टेपने पोटाचा घेर मोज. भारतीय बायकांसाठी तो 80 सेंटीमीटरच्या आत असावा असं डॉक्टर सांगतात. तुझा 94 होता, गेल्या रविवारी 90 भरला. हे तू मला कळवलंच नाहीस, मीच विचारलं तेव्हा सांगितलंस. मला त्याचं वाईट वाटलं, कारण चार सेंटीमीटर तू मिळवलेस आणि मोजलेसही, पण तुझ्या लेखी त्यांना किंमतच नव्हती.

वही चोख असूनही आणखी दीड महिना वजन आणि घेर दोन्ही हलले नाहीत, किंवा पाळी पुढे गेली, खूप थकवा आला, तर डॉक्टरांकडे जाऊन थायरॉइड तपासून घेऊ. मी सोबत येईन.

फेब्रुवारीत पर्वतीच्या 103 पायऱ्यांत तू तीनदा बसली होतीस. परवा एकदाही थांबली नाहीस आणि वर पोचल्यावर माझ्याशी बोलत होतीस. मी ऐकत कमी होते, तुझा श्वास मोजत जास्त.

रविवारी सहाला पायथ्याशी ये. आज रात्री मात्र जेवून झोप.

तुझी,
काकू