हॉजकिन लिम्फोमा भारतात किती जणांना होतो? आमच्या जिल्ह्यात आणखी कुणी असेल का?

तुम्ही लिहिलंय की 24 वर्षांच्या धाकट्या भावाला हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा (मानेत, काखेत असतात त्या गाठींचा) एक कॅन्सर निघाला, डॉक्टर "दुर्मिळ आहे" एवढंच म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले. घरच्यांना तेव्हापासून वाटतंय की हे जगात फक्त आपल्याच वाट्याला आलं. तसं नाही, आणि तेच मला नीट सांगायचंय.

मी महाराष्ट्रातल्या एका कॅन्सर नोंदणी केंद्रात सोशल इन्व्हेस्टिगेटर आहे. हॉस्पिटलांच्या रेकॉर्ड रूम, पॅथॉलॉजी लॅबची रजिस्टरं, नगरपालिकेतल्या मृत्यूच्या नोंदी हे सगळं चाळायचं आणि आमच्या हद्दीत राहणारा प्रत्येक कॅन्सर पेशंट मोजला जाईल, पण दोनदा मोजला जाणार नाही, हे बघायचं, असं हे काम. मी डॉक्टर नाही. उपचारांचं तुमचे डॉक्टर सांगतील तेच धरा. आकडे कुठून येतात आणि त्यांच्यावर किती भरवसा ठेवायचा, हे मात्र मला माहीत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा 2020 सालचा अंदाज असा, की भारतात वर्षाला हॉजकिन लिम्फोमाचे सुमारे 11 हजार नवे पेशंट निघतात. त्या वर्षी सगळ्या प्रकारचे मिळून नवे कॅन्सर पेशंट 13 लाखांच्या वर होते. म्हणजे कॅन्सरच्या शंभर पेशंटांत एकसुद्धा हॉजकिनचा नाही. लोकसंख्येच्या हिशेबाने लाखात वर्षाला एकाहूनही कमी. लिम्फोमाचा दुसरा मोठा गट, नॉन-हॉजकिन, याच्या तिपटीहून जास्त आहे, साधारण 36 हजार. डॉक्टर दुर्मिळ म्हणाले ते या अर्थाने बरोबरच आहे.

आता हेच दुसऱ्या बाजूने बघा. अमेरिकेत हॉजकिनचं प्रमाण लाखाला अडीचच्या आसपास, म्हणजे आपल्या जवळजवळ तिप्पट. तरी तिथे वर्षाला नवे पेशंट साडेआठ हजारांच्या घरात. प्रमाण कमी असूनही एकूण पेशंट आपल्याकडे जास्त आहेत, कारण आपण माणसंच तेवढी आहोत. जगातल्या हॉजकिनच्या दर आठ नव्या पेशंटांमागे एक तरी भारतातला असतो. तुमच्या जिल्ह्याची लोकसंख्या 30 लाख धरली तर दरवर्षी 20 ते 25 नवे पेशंट निघायला हवेत. गेल्या दहा वर्षांचे धरले तर दोनशेच्या वर. त्यातले पुष्कळ जण उपचार संपवून आज नोकरीधंद्याला लागलेले असणार. गळ्यात पाटी लावून कुणी फिरत नाही, म्हणून ते तुम्हाला दिसत नाहीत.

भावाच्या वयाचंही आश्चर्य वाटायला नको. बहुतेक कॅन्सर उतारवयातले. हॉजकिन तसा नाही. पाश्चात्त्य देशांत तो वीस-तिशीत एकदा आणि पंचावन्नच्या पुढे पुन्हा एकदा जास्त दिसतो. आपल्याकडे त्याच्या जोडीला लहान मुलांतही बराच सापडतो, आणि त्यात मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा कितीतरी जास्त असते. मुलग्यांना तो मुळातच थोडा जास्त होतो. पण आपल्याकडचं अंतर इतर देशांपेक्षा मोठं आहे, आणि त्यातला काही भाग असा की मुलगी मोठ्या हॉस्पिटलपर्यंत पोचवलीच जात नाही. रजिस्टरमध्ये पानामागून पान मुलग्यांचीच नावं लागतात, तेव्हा हे फार बोचतं.

तर हे 11 हजार मोजले कुणी? सगळे मोजलेले नाहीतच. देशातली पहिली लोकसंख्याधारित कॅन्सर नोंदणी मुंबईत 1963 साली सुरू झाली, इंडियन कॅन्सर सोसायटीच्या डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने. राष्ट्रीय कार्यक्रम 1980 च्या दशकात आला. 2020 च्या राष्ट्रीय अहवालात 28 नोंदणी केंद्रं होती आणि त्यांच्या हद्दीत देशातली जेमतेम 10 टक्के लोकसंख्या येत होती. बाकीच्या देशाचा आकडा या केंद्रांवरून बसवलेला अंदाज असतो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात तशी, फक्त इथे शितं बहुतेक शहरी भागातून उचललेली.

त्याच अहवालातले दोन आकडे सांगतो. सगळे कॅन्सर धरून पुरुषांमधलं वयानुसार जुळवलेलं प्रमाण मिझोराममधल्या ऐझॉल जिल्ह्यात लाखाला 269.4 होतं, आणि आपल्या उस्मानाबाद (आताचा धाराशिव) व बीडमध्ये 39.5. ऐझॉलमध्ये कॅन्सर खरोखरच जास्त आहे, तंबाखूचा त्यात मोठा हात आहे. पण ऊसतोडीला सहा-सहा महिने बाहेर असणाऱ्या बीडच्या माणसाच्या मानेवरची गाठ किती वेळा बायोप्सीपर्यंत जाते, हा प्रश्न त्या 39.5 मागे उभा आहेच. बार्शीला 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली, तेव्हा त्यांना पद्धतच बदलावी लागली. हॉस्पिटलात बसून पेशंटची वाट बघण्यात अर्थ नव्हता. कर्मचारी गावोगाव गेले, बैठका घेतल्या, कुठली लक्षणं अंगावर काढायची नाहीत ते समजावलं, आणि ज्यांना ती होती त्यांना तपासणीला आणलं. मला आमच्या क्षेत्रातलं हे सगळ्यात मोलाचं काम वाटतं.

हॉजकिनच्या बाबतीत याहून मोठी अडचण टीबीची आहे. मानेला न दुखणारी गाठ, संध्याकाळी ताप, रात्री घाम, वजन उतरणं ही लक्षणं दोन्हीकडे सारखी. आपल्या देशात गाठीचा टीबी इतका सर्रास आहे की डॉक्टरांच्या मनात आधी तोच येतो, आणि बहुतेक वेळा तोच असतो. त्यात हॉजकिनच्या गाठीतसुद्धा टीबीसारखे दाणे दिसू शकतात, त्यामुळे नुसती सुई घालून केलेली तपासणी चकवते. मग एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्यांचा कोर्स, सुरू होतं. दोन-तीन महिन्यांनी गाठ वाढलेलीच असते, तरी "कोर्स पूर्ण करा" म्हणतात. आमच्याकडे एका कॉलेजच्या मुलाची फाइल आली होती. तिच्यात टीबीच्या गोळ्यांची सात महिन्यांची कार्डं आधी लावलेली, आणि बायोप्सीचा कागद सगळ्यात शेवटी. तोवर आजार छातीतून पोटापर्यंत उतरला होता. टीबीचा प्रत्येक पेशंट सरकारला कळवणं 2012 पासून बंधनकारक आहे. कॅन्सरचं तसं देशभर नाही, काही राज्यांनी ते आपापलं केलंय. म्हणजे असा मुलगा सात महिने टीबीच्या सरकारी आकड्यात असतो आणि लिम्फोमाच्या आकड्यात कुठेच नसतो. कोर्स संपायच्या आत तो गेला, तर नोंद कायमची टीबीची.

आणि बायोप्सी झाली तरी काम संपत नाही. कितीतरी रिपोर्टांवर शेवटची ओळ असते, "लिम्फोप्रोलिफरेटिव्ह डिसऑर्डर, आयएचसी सुचवले आहे." म्हणजे लसिका पेशी वाढल्यात, पण नेमकं काय ते पक्कं नाही. आयएचसी म्हणजे पेशींवरच्या खुणा तपासणारी चाचणी, तिच्यातूनच नेमका प्रकार पक्का होतो. तिचे वेगळे पैसे पडतात, ब्लॉक (गाठीचा मेणात जपलेला तुकडा) घेऊन मोठ्या शहरात जावं लागतं, आणि पेशंट परत येतच नाही. मग पुढे पक्कं निदान मिळालं नाही तर आमच्या हाती कॅन्सरच्या प्रकारासाठी वापरतात त्या कोडांपैकी फार तर 9590 हा कोड उरतो: लिम्फोमा, प्रकार अज्ञात. हॉजकिनचे कोड 9650 पासून पुढे. त्या 9590 मध्ये हॉजकिनचे किती अडकलेत ते कुणी सांगू शकत नाही. म्हणून मी तरी 11 हजार हा आकडा खालची मर्यादा धरतो. खरा आकडा त्याहून मोठाच असणार.

तुम्ही एका ओळीत विचारलंय, हा घरात दुसऱ्याला होईल का. हॉजकिनचा एपस्टीन-बार नावाच्या व्हायरसशी संबंध आहे, आपल्याकडच्या पेशंटांत, विशेषतः मुलांत, तो बहुतेकांच्या गाठीत सापडतो. पण हा व्हायरस भारतात जवळजवळ प्रत्येकाच्या शरीरात लहानपणीच येऊन राहिलेला असतो, आणि त्यातल्या बहुतेकांना त्याने पुढे कॅन्सर होत नाही. कॅन्सर एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. भावाचं ताट-वाटी वेगळं ठेवलं असेल तर आजच्या आज ते बंद करा. सख्ख्या भावंडांत शक्यता काही पटींनी वाढते हे खरं, पण मुळात वर्षाला लाखात एकाहून कमी असलेली गोष्ट काही पटींनी वाढली तरी कमीच राहते. मानेला, काखेत गाठ आली तर दाखवायची, एवढंच.

आजार किती जणांना होतो आणि किती जण बरे होतात हे दोन वेगळे हिशेब आहेत, घरी आईवडिलांना हे आधी सांगा. हॉजकिन हा सगळ्यात चांगला बरा होणाऱ्या कॅन्सरपैकी एक आहे. लवकरच्या स्टेजला पूर्ण उपचार झाले तर दहातले नऊ जण पाच वर्षांनंतरही असतात, आणि पुढे गेलेल्या स्टेजमध्येही मोठी संख्या बरी होते. आपल्याकडचे निकाल जिथे मागे पडतात, तिथे उशिरा झालेलं निदान आणि अर्धवट सोडलेले उपचार ही दोन कारणं ठळक असतात. पहिल्या दोन-तीन केमोत गाठ विरघळते, ताप जातो, भूक लागते, आणि घरचे म्हणतात आता बरा झालाय, गावाकडे नेऊ. तेव्हा नेऊ नका. पैशांची ओढाताण असेल तर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं विचारा.

आणि एक विनंती, माझ्या कामाच्या बाजूने. मुंबई-पुण्याच्या हॉस्पिटलात केसपेपर काढताना बरेच जण सोयीसाठी मामाचा नाहीतर काकांचा शहरातला पत्ता देतात. आम्ही पेशंट मोजतो तो किमान वर्षभर तो जिथे राहत होता त्या ठिकाणी. काकांचा पत्ता दिला की तुमचा भाऊ ठाण्याचा पेशंट होऊन बसतो, आणि तुमच्या जिल्ह्यात एक कमी. त्या एका-एकानेच पुढे "तिकडे कॅन्सर फारसा नाही, केमोचं डे-केअर कशाला" असं ठरतं. फाइलवर गावचा, तालुक्याचा खरा पत्ता घाला, आणि संपर्कासाठी काकांचा फोन नंबर वेगळा द्या. आधीच शहरातला पत्ता दिला असेल तर रेकॉर्ड रूमला आधार कार्ड दाखवून बदलून घेता येतो का, ते पुढच्या केमोच्या दिवशी विचारून बघा.