घर अदलाबदल करायचंय? आधी एवढं बघा

ताई, सुट्टीत दुसऱ्या कुटुंबाने आपल्या घरी राहायचं आणि आपण त्यांच्या, अशी अदलाबदल करायची म्हणता, तर जळगावच्या घरात राहायला कोण येईल ही शंका आधी काढून टाका. अजिंठा इथून साधारण ६० किलोमीटर, लेणी बघणाऱ्यांना आपलं घर हॉटेलपेक्षा केव्हाही बरं. फक्त सोमवारी लेणी बंद असतात हे आधीच कळवा, आणि एप्रिल-मेमध्ये कुणाला बोलावू नका, ४४-४५ डिग्रीत बाहेरचा माणूस होरपळून जातो, त्यापेक्षा हिवाळ्यात बोलवा, भरताची वांगीही तेव्हाच मिळतात.

सुरुवातीला बहुतेक जण इथे चुकतात:

- अदलाबदलीच्या वेबसाइटवर फोटो फक्त हॉलचे टाकतात. लोक बाथरूम आणि किचन आधी बघतात हो!
- पहिल्याच वेळी परदेश. आधी नाशिक-पुण्याच्या कुटुंबाशी करा, तेही दोन-तीन दिवसांचं, आणि एकदा व्हिडिओ कॉलवर बोलल्याशिवाय तारीख पक्की करूच नका. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची ऑनलाइन नोंद करावी लागते, ते नंतर शिका.
- सोसायटीला न विचारता चावी देणं. घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी लेखी घ्या.

आणि एक कागद फ्रिजवर चिकटवाच. नळाला पाणी कोणत्या दिवशी किती वाजता येतं, मोटर कधी बंद करायची, कूलरमध्ये पाणी कुठून भरायचं, सिलेंडर संपलं तर दुसरं कुठे ठेवलंय, शेजारच्या काकूंचा नंबर, सगळं लिहा. दागिने-कागदपत्रं एका खोलीत ठेवून कुलूप लावा, त्यात कुणाला वाईट वाटत नाही.

वेबसाइटवरच्या पॉइंट्सचं (कुणाला घरी राहू दिलं की मिळतात, दुसरीकडे राहताना वापरता येतात) गणित आत्ता डोक्यात घेऊ नका. आधी फोटो काढा, सकाळच्या उजेडात.