फिरायला जा गुरुजी, पण आधी बँकेत जा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून पत्र आलं आहे. लिहिणारे जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहेत, वय 43, हातात पडणारा पगार 64 हजार. घरात सहा माणसं: वडील 76 वर्षांचे, आई 70 ची, बायको, अकरावीतली मुलगी, सातवीतला मुलगा आणि ते स्वतः. सात एकर कोरडवाहू शेत पाच-सहा वर्षांपूर्वी वडिलांनी यांच्या नावावर करून दिलं.

दिवाळीनंतर हे कुटुंब नागपूरला एका मॉलमध्ये गेलं होतं. तिथं कूपन भरलं आणि आठ दिवसांनी फोन आला, ‘तुमचा नंबर लागला.’ नवरा-बायकोला हॉटेलात बोलावलं, चहा-नाश्ता झाला, पडद्यावर समुद्र आणि बर्फ दाखवला. तीन तासांनी गुरुजी 21 हजार रुपये भरून बाहेर पडले. हॉलिडे क्लबची 25 वर्षांची सदस्यता, दर वर्षी त्यांच्या हॉटेलात सात रात्री मुक्काम, किंमत 4 लाख 20 हजार.

त्यांचा प्रश्न असा: ‘उरलेली रक्कम एकदम भरू की 48 हप्त्यांत? पहिल्या वर्षी काश्मीर करावं की केरळ? आई-बाबांना चारधाम करायचं आहे, तेही यात बसवता येईल का?’

पत्राच्या शेवटी त्यांनी जाता जाता लिहिलं आहे: ‘हप्त्यांचा विचार यासाठी की बँकेनं वैयक्तिक कर्ज दिलं नाही. शेतीवरचं 1 लाख 60 हजारांचं पीक कर्ज गेल्याच्या आधीच्या मार्चपासून थकीत आहे. माफी होणार म्हणून आमच्याकडे कोणी भरत नाही. आता 2 लाख 10 हजारांची नोटीस आली. बचत खात्यात 2 लाख 60 हजार पडून आहेत, आणि वीस क्विंटल कापूस घरातच आहे, भाव वाढेल म्हणून.’

गुरुजी, सदस्यता हप्त्यांनीही घेऊ नका आणि एकरकमीही घेऊ नका. तिचं गणित वर्गातली पोरंही करतील. 4 लाख 20 हजार बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला 29-30 हजार व्याज येतं. त्यात वर्षाचा देखभाल खर्च 16 हजार, जो तुम्ही फिरायला गेलात नाहीत तरी द्यावा लागतो आणि दर वर्षी वाढतो. झाले 45 हजार. भागिले सात रात्री: एका रात्रीला साडेसहा हजार. त्यात प्रवास नाही, जेवण नाही. वर तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकात तुमच्या रंगाच्या, म्हणजे तुमच्या श्रेणीच्या, सदस्यांना मे महिना आणि दिवाळीचे आठवडे मिळत नाहीत, असं बारीक अक्षरात छापलं आहे. तुम्ही मास्तर आहात. मे आणि दिवाळी सोडून तुम्ही जाणार कधी?

21 हजार परत मागा. पावतीच्या मागे रद्द करण्याची मुदत आणि अटी असतील त्या वाचा आणि आजच ईमेलनं लेखी कळवा. फोनवर बोलून काही होत नाही, फोनवरची माणसं त्याच कामासाठी ठेवलेली असतात. हप्ते खात्यातून परस्पर कापायची परवानगी बँकेला दिली असेल तर तीही बंद करा. दाद लागली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, नाहीतर यवतमाळचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथं शुल्क लागत नाही. सगळे पैसे परत येतीलच असं मनात धरू नका. पण 21 हजार वाचवण्यासाठी आणखी चार लाख घालणं, हे मात्र करू नका.

आता तुम्ही जे विचारलंच नाही त्याकडे येतो.

तुम्ही लिहिता, 2008 ला बाबांचं कर्ज माफ झालं नाही, निदान आता तरी होईल. हा सल मला समजतो. त्या वेळी पूर्ण माफी दोन हेक्टरांच्या आतल्यांना, म्हणजे पाच एकरांच्या आतल्यांना होती. ओलिताच्या पाच एकरांत आणि आपल्या कोरडवाहू सात एकरांत काय फरक असतो हे दिल्लीतल्या कागदाला कळत नव्हतं. पाच एकरांवरच्यांना आधी 75 टक्के भरा, मग 25 टक्के सूट, असं होतं. 75 टक्के भरायला असते तर कर्ज थकलंच कशाला असतं? विदर्भातली कित्येक घरं अशी दोन एकरांनी बाहेर राहिली. तुमचं त्यातलंच एक.

पण तेव्हा कर्ज बाबांचं होतं. आताचं तुमचं आहे, आणि तुम्ही पगारदार आहात. 2017 च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखापर्यंत माफी होती, पण सरकारी नोकर आणि आयकर भरणारे वगळले होते. 2019 च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत दोन लाखांपर्यंत होती. तिथंही महिना 25 हजारांवर पगार घेणारे नोकरदार बाहेर, चतुर्थ श्रेणी तेवढी आत. तुमचा पगार 64 हजार. ज्या पंगतीत तुमचं पान मांडलेलंच नाही तिथं तुम्ही पावणेदोन वर्षं हात धुऊन बसला आहात. तुमचे शेजारी, ज्यांचं पोट नुसत्या शेतीवर आहे, त्यांचं गणित वेगळं आहे, त्यांच्याबद्दल मी इथं बोलत नाही. पारावर ‘भरणारा येडा’ म्हणतात ते त्यांनी म्हणावं. तुम्ही त्यांचं ऐकून थांबलात तर पाटीवर तुमचंच उत्तर चुकतं.

किती चुकलं ते पाहा. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज सात टक्क्यांनी मिळतं. मुदतीत भरलं की केंद्राची तीन टक्के सवलत, उरलेलं व्याज राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून. 2021 च्या अर्थसंकल्पापासून तीन लाखांपर्यंत वेळेत भरणाऱ्याला व्याज शून्य. तुम्ही जूनमध्ये उचललेले 1 लाख 60 हजार पुढच्या 31 मार्चच्या आत भरले असते तर एक रुपयाही वर लागला नसता. एप्रिलमध्ये नवं-जुनं करून, म्हणजे जुनं फेडून नवं उचलून, तेच पैसे पुन्हा खरिपाला हातात आले असते. मुदत चुकली आणि सवलत गेली. त्यानंतर बँकेचा नेहमीचा साडेअकरा-बारा टक्के दर लागला, वर दंड. 50 हजार अधिक झाले ते असे. आणि या सगळ्या काळात तुमचे 2 लाख 60 हजार बचत खात्यात अडीच-तीन टक्क्यांनी झोपले होते. बारा टक्के द्यायचे आणि तीन घ्यायचे, असा हा धंदा.

नवं-जुनं न झाल्यामुळे बाबा खत आणि बियाणं कृषी केंद्रातून उधारीवर आणतात, हेही तुम्ही लिहिलं आहे. उधारीची बॅग रोखीच्या बॅगेपेक्षा किती महाग पडते ते मी तुम्हाला सांगायला नको. कापूस निघाला की दुकानदार म्हणेल त्या दिवशी हिशोब करावा लागतो, तो तोटा निराळाच.

50 हजारांहून मोठं नुकसान मात्र त्या एका ओळीत आहे: बँकेनं वैयक्तिक कर्ज दिलं नाही. दर महिन्याला नेमानं पगार जमा होणाऱ्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला बँक नाही का म्हणते? कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं की ते खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी अनुत्पादक, होतं आणि सिबिलला, म्हणजे प्रत्येकाच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे, तसं दिसतं. तिथं गावात कोणी भरलं नाही वगैरे काही दिसत नाही. तुमच्या नावापुढे थकबाकीदार एवढंच दिसतं. फिरण्यासाठी कर्ज मिळालं नाही हे एका परीनं बरंच झालं. पण मुलगी अकरावीत आहे. दीड वर्षानं तिला नागपूर, पुणे किंवा आणखी कुठं प्रवेश मिळेल, शैक्षणिक कर्ज लागेल, आणि त्या कर्जात पालक सहकर्जदार असतो. तेव्हा बँकेचा माणूस तुमचं सिबिल उघडेल. आज भरलंत तरी डाग लगेच पुसला जात नाही, सुधारायला वेळ लागतो. म्हणून मी 31 मार्चचीही वाट पाहू नका म्हणतो.

या आठवड्यात शाखेत जा. नोटिशीच्या रकमेचा तपशील मागा: मुद्दल किती, व्याज किती, दंड किती. दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज लावायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, ते तपासा. मॅनेजरशी दंडाबद्दल बोलून पाहा, थोडंफार सुटतं कधी कधी. पण ‘तडजोड करून मिटवू’ असं म्हटलं तर नको म्हणा. सिबिलमध्ये पूर्ण फेड वेगळी दिसते आणि तडजोड वेगळी दिसते, मुलीच्या कर्जाच्या वेळी तो फरक नडेल. पूर्ण भरा, बेबाकीचा, म्हणजे काही देणं उरलं नाही असा, दाखला घ्या आणि तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कातला बोजा कमी करून घ्या.

कापूस विका. वीस क्विंटल, सात हजारानं धरला तरी 1 लाख 40 हजार. भाव वाढेलही, पण घरात पडलेल्या कापसाचं वजन घटतं, उंदीर लागतात आणि घरभर सगळ्यांच्या अंगाला खाज सुटते, हे मी आमच्याच घरी पाहिलं आहे. तिकडे 2 लाख 10 हजारांवर महिन्याला दोन हजार व्याज चढतं. कापसानं आधी तेवढं तरी कमवायला हवं.

आता पैसे मांडू. बचत 2 लाख 60 हजार आणि कापसाचे 1 लाख 40 हजार, मिळून चार लाख. कर्ज फेडून उरले 1 लाख 90 हजार. त्यातले 1 लाख 10 हजार, म्हणजे तुमचा साधारण तीन महिन्यांचा घरखर्च, बाजूला. 76 वर्षांचे वडील घरात असताना यापेक्षा कमी ठेवू नका. राहिले 80 हजार. मेपर्यंत पगारातून जे उरेल ते खरिपाला ठेवा, नव्या पीक कर्जावर या वर्षी विसंबू नका. (चार विमा पॉलिसी आहेत आणि एकही मुदत विमा नाही, हे तुमच्या पत्रात वाचलं. त्याबद्दल वेगळं पत्र लिहा. आज एवढा राग पुरे.)

80 हजारांत फिरणं होतं. तुम्ही एका सहलीत तीन सहली कोंबता आहात ही त्यातली अडचण. म्हाताऱ्यांची यात्रा, पोरांची मौज आणि विमानाची हौस, तिघांचा वेग वेगळा, हंगाम वेगळा.

आधी चारधाम. केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, गौरीकुंडापासून चढ सोळा किलोमीटर. 76 व्या वर्षी डॉक्टरांनी हृदय आणि रक्तदाब तपासून होकार दिल्याशिवाय हा विषयच काढू नका. हेलिकॉप्टरच्या तिकिटांच्या नावानं खोट्या वेबसाइट खूप आहेत, नागपूरच्या मॉलनं शिकवलं ते तिथंही लागू. वेळेचं पाहा: मेमध्ये गर्दी तुफान असते, पावसात दरडी कोसळतात, आणि पाऊस उलगडल्यावर जावं तर केदारनाथाचं दार भाऊबीजेला बंद होतं, म्हणजे तुमच्या दिवाळीच्या सुट्टीत जेमतेम चार दिवस मिळतात. माझं ऐकाल तर दिवाळीत काशी-प्रयाग-अयोध्या करा. नागपूरहून रेल्वे, हवा चांगली, चढ नाही. सहा जणांचं थ्री-एसीचं जाणं-येणं 16 हजारांच्या आसपास. ज्येष्ठांची रेल्वे सवलत 2020 पासून बंद आहे, ती धरू नका. दोन खोल्या पाच रात्री 15 हजार, जेवण आणि रिक्षा-नाव 14 हजार. 45 हजारांत होतं.

त्याआधी आई-बाबांना शेगाव किंवा पंढरपूर करवायचं असेल तर एसटीनं न्या. 75 च्या पुढे तिकीट नाही, 65 ते 75 ला अर्धं, बायकांनाही अर्धं. बाबांना शून्य, आईला अर्धं, बायकोला अर्धं. एवढी स्वस्त सहल तुम्हाला कुठलाच क्लब विकणार नाही, कारण त्यात त्याला काही उरत नाही.

पोरांसाठी या उन्हाळ्यात ताडोबा. ऊन खूप असतं, पण पाणवठे आटलेले असल्यामुळे वाघ दिसण्याची शक्यता तेव्हाच जास्त. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात, म्हणजे तुम्हाला एकच पुरते. बाबांना पाठीच्या हादऱ्यांचं आधी विचारा. कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, मंगळवारी बंद आणि जुलै ते सप्टेंबर बंद. बफरच्या, म्हणजे भोवतालच्या पट्ट्यातल्या, फेरीचा खर्च कोअरपेक्षा कमी, आणि बफरमध्ये वाघाला सीमारेषा शिकवलेली नाही. मुक्काम धरून 20 हजार. पाऊस पडल्यावर दोन दिवस चिखलदरा करायचं असेल तर तेही यातूनच ओढाताण करून बसेल.

काश्मीर पुढच्या वर्षी. मेमध्ये नागपूरहून सहा जणांचं विमानभाडंच लाखाच्या पुढे जातं. आपल्याला एक फायदा आहे जो पुण्या-मुंबईच्या मास्तरांना नाही: विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात. जूनच्या मध्यानंतर बाकी महाराष्ट्राची पोरं शाळेत जाऊन बसलेली असतात, तेव्हा भाडी आणि खोल्या उतरतात. पुढचा जूनचा तिसरा आठवडा धरा. कर्ज फिटल्यावर या फेब्रुवारीपासून महिना सहा हजारांची आवर्ती ठेव सुरू करा, पुढच्या जूनपर्यंत लाख होतात. आई-बाबा त्यात नसतील तर चौघांना ते पुरावेत. रजा प्रवास सवलतीचं काय ते तुमच्या पंचायत समितीच्या बाबूला विचारा, बरेच शिक्षक ती मागतच नाहीत.

आणि काशीचं आरक्षण: रेल्वेचं बुकिंग प्रवासाच्या 60 दिवस आधी सकाळी आठला सुटतं. दिवाळीच्या गाड्या पहिल्या काही मिनिटांत भरतात. कॅलेंडरवर आजच मागे मोजून तारखेवर खूण करा. त्या दिवशी तुम्हाला शाळा असेल तर मुलीला बसवा, तुमच्यापेक्षा तिचं बोट लवकर चालेल.