नव्या हायस्कूलच्या आराखड्याबद्दल सामान्य लोकांनी मत देऊन खरंच काही फरक पडतो का?

पडतो, आणि बराच पडतो. तुमचा प्रश्न मला असा समजला: परिसरात नवीन हायस्कूल होणार आहे, नियोजन समितीने पालकांना आणि रहिवाशांना सूचना द्यायला बोलावलंय, पण बांधकामातलं काही कळत नसताना तिथे जाऊन बोलायचं काय, असं तुम्हाला वाटतंय. मी बरीच वर्षं माध्यमिक शाळेत शिकवलं आणि नंतर शाळांच्या इमारतींसाठी नेमलेल्या समित्यांवर शिक्षकांच्या बाजूने काम केलं. त्या जोरावर सांगते, बांधकाम कळण्याची गरजच नाही. ते कळणारी माणसं त्यासाठीच नेमलेली असतात. त्यांना माहीत नसतो तो त्या शाळेतला रोजचा दिवस, आणि तो तुम्हाला, तुमच्या मुलांना आणि तिथे राबणाऱ्या माणसांना माहीत असतो.

आधी एवढं बघा की तुम्हाला कोणत्या टप्प्यावर बोलावलंय. सभेत शिरताच भिंतीवर इमारतीचं रंगीत चित्र लावलेलं दिसलं, तर बहुतेक निर्णय होऊन गेलेत असं समजा. शाळेची खरी घडण त्याच्या कितीतरी आधी होते: जागा कोणती, विद्यार्थी किती, खोल्या कोणकोणत्या, कोणती खोली कोणत्या खोलीला लागून. या यादीत बदल करायचा तर कागदावरची एक ओळ खोडावी लागते. पाया खोदून झाल्यावर तोच बदल कुणी ऐकूनही घेत नाही. अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ साली नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या तळाला लोकांना नुसतं घोळात घेणं आहे, मधे माहिती देणं आणि मत विचारणं, आणि वर निर्णयात खरा वाटा. रॉजर हार्ट या अभ्यासकांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची तशीच शिडी लिहिली. चित्र दाखवून टाळ्या घेणारी सभा कोणत्या पायरीवर येते, हे तुम्हीच ठरवा. म्हणून पहिल्याच बैठकीत उभं राहून विचारा, "कोणते निर्णय अजून व्हायचे आहेत?" उत्तर स्पष्ट मिळालं नाही तर ते लेखी मागा.

आता काय बोलायचं ते. मागण्यांची यादी घेऊन जाऊ नका. "तुम्हाला काय हवं?" असं विचारलं की जगात कुठेही तीच उत्तरं येतात: मोठं सभागृह, पोहण्याचा तलाव, झकपक प्रवेशद्वार. त्यातून आराखडा करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी दिवस सांगा. मुलांना विचारा, मधल्या सुट्टीत तुम्ही कुठे जाता आणि कुठे जायचं टाळता? टाळण्याच्या जागा सांगताना मुलं फार नेमकं बोलतात. जिन्याखालचा तो कोपरा, व्हरांड्याच्या टोकाचं स्वच्छतागृह, मैदानामागची भिंत. मुलींनी स्वच्छतागृहात जायला नको म्हणून दिवसभर पाणीच न पिणं, हे मी शिक्षिका म्हणून डोळ्यांनी पाहिलंय. नकाशावर ते स्वच्छतागृह अगदी नियमाप्रमाणे होतं. चुकली होती ती त्याची जागा, आणि ती एका मुलीला विचारली असती तरी कळली असती.

शिक्षकांचंही तसंच. दोन प्रयोगशाळांच्या मधे तयारीची एक खोली असली तर एकच मदतनीस दोन्हीकडचं साहित्य मांडू शकतो. तास संपल्यावर हजार मुलं एकाच वेळी बाहेर पडतात, तेव्हा व्हरांडा किती रुंद असायला हवा हे त्या गर्दीत रोज उभं राहणारा सांगतो. सफाई करणारी बाई सांगते की प्रत्येक मजल्यावर बादली भरायला नळ आणि खाली मोरी हवी, नाहीतर पाणी जिन्याने वाहून न्यावं लागतं. अशी वाक्यं समितीच्या इतिवृत्तात आली की आराखडा बदलतो. मी बदलताना पाहिलाय.

हे न विचारल्याचा मोठा धडा इतिहासात आहे. १९६०-७० च्या दशकांत अमेरिका, ब्रिटन आणि इतरत्र वर्गांमधे भिंती नसलेल्या, खुल्या शाळा बांधायची लाट आली. कल्पना उदात्त होती. पण शेजारच्या गटाचा आवाज सतत कानावर येऊ लागला, आणि अनेक ठिकाणी शिक्षकांनी कपाटं, लिहायचे फळे आणि आडोसे उभे करून स्वतःच भिंती घातल्या.

याच्या उलट उदाहरणंही आहेत. १९४०च्या दशकाच्या अखेरीस ओक्लाहोमातल्या ब्लॅकवेल गावासाठी शाळा आखताना कॉडिल आणि रोलेट या वास्तुविशारदांचे नकाशे शाळा मंडळाकडून पुन्हा पुन्हा परत येत होते. शेवटी ते नकाशे काढायचे फलक उचलून त्या गावातच जाऊन बसले, आणि सगळ्यांचं एकमत होईपर्यंत तिथेच काम केलं. पुढे ती त्यांच्या कामाची पद्धतच झाली. हायस्कूलसाठी मला सर्वात जवळचं वाटतं ते जपानमधलं एइशिन. टोकियोजवळच्या या शाळेसाठी वास्तुविशारद क्रिस्टोफर अलेक्झांडर यांच्या गटाने शिक्षक आणि विद्यार्थ्यांशी आधी दीर्घ बोलणी केली, त्यांना मनात कशी शाळा दिसते ते शब्दांत उतरवलं, आणि मग प्रत्यक्ष जमिनीवर झेंडे रोवून इमारतींच्या जागा ठरवल्या. १९८५ मध्ये ती शाळा उभी राहिली.

झेंड्यांची ही युक्ती तुम्हालाही करता येईल. मैदानावर फक्कीने वर्गखोली खऱ्या मापात आखा, आत बाकं मांडा आणि मुलांना बसवा. नकाशा वाचता न येणारा माणूसही दोन मिनिटांत सांगतो की मागच्या रांगेत जायला वाट उरत नाही. दुसरं, खोल्यांचे कागदी तुकडे प्रमाणात कापून ठरावीक क्षेत्रफळाच्या चौकटीत बसवायला द्या. शाळेच्या एकूण क्षेत्रफळातला साधारण तिसरा हिस्सा भिंती, जिने, व्हरांडे आणि स्वच्छतागृहं यांतच जातो, हे तेव्हा पहिल्यांदा कळतं. ग्रंथालय मोठं करायचं तर काय लहान करायचं, ही चर्चा मग आवाज चढवून करावी लागत नाही.

सभेला कोण आलेलं नाही, याकडे मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. संध्याकाळच्या सभेला ज्यांना सवड असते तेच येतात, आणि त्यातही दोन-चार जणच बोलतात. रात्रपाळी करणारे पालक, शाळा अर्ध्यावर सोडलेली मुलं, चाकाच्या खुर्चीवरून येणारी मुलगी, शाळेला खेटून राहणारे शेजारी यांच्याकडे समितीने जायला हवं. चाकाच्या खुर्चीसाठीची उतरण एक फूट उंचीला किमान बारा फूट लांब असावी, हे प्रमाण वास्तुविशारदाला ठाऊक असतं. पण ती मागच्या दाराला दिली तर त्या मुलीला रोज मैत्रिणींपासून वेगळं होऊन आत यावं लागतं, हे तिलाच ठाऊक असतं. मत विचारायला विद्यार्थी निवडतानाही एक गोष्ट हमखास सुटते. शाळा पुरी व्हायला काही वर्षं जातात, म्हणजे आजचे दहावीचे विद्यार्थी तिथे कधीच शिकणार नाहीत. आज तिसरी-चौथीत असलेली मुलं त्या इमारतीत पाऊल टाकतील. दोघांनाही बोलवा, आणि मुलांशी मुख्याध्यापक समोर नसताना बोला.

सगळंच मतदानाने ठरवावं, असं माझं म्हणणं नाही. इमारतीची मजबुती, आगीच्या वेळी बाहेर पडण्याच्या वाटा, वीजजोडणी यांत बहुमताला जागा नाही, आणि पैसा किती आहे हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर मांडायला हवं. सूचना फेटाळायलाही माझी हरकत नाही. हरकत आहे ती उत्तर न देण्याला. आलेली प्रत्येक सूचना, तिचं काय झालं आणि का, असा तक्ता समितीने सर्वांना दिसेल असा लावावा, हा आग्रह धरा. नाही म्हटल्याचं कारण कळलं तर लोक दुसऱ्या सभेला येतात. कारण न कळता सूचना गडप झाली की पुढच्या वेळी खुर्च्या रिकाम्या राहतात.

आराखडा मंजूर झाला की बहुतेक गट पांगतात. तुम्ही पांगू नका. निविदा अंदाजापेक्षा जास्त आली की खर्च कापायची वेळ येते, आणि तेव्हा आधी जातं ते कागदावर किरकोळ दिसणारं: वर्गातला आवाज शोषणारं छत, खिडक्यांवरचे छज्जे, साहित्याच्या खोल्या, आवारातली झाडं. घुमणाऱ्या वर्गात मागच्या बाकावरचं मूल निम्मे शब्द अंदाजाने ऐकतं, हे कापणाऱ्याला दिसत नसतं. त्यामुळे आराखडा मंजूर होत असतानाच, काहीही झालं तरी कापायच्या नाहीत अशा पाच-सहा गोष्टी समितीकडून लिहून घ्या, आणि कपातीच्या बैठकीला तुमचे दोन प्रतिनिधी असतील हे इतिवृत्तात नोंदवून घ्या.